आवृत्ती आठ कुठे गेली?

१

ज्या पहाटे म्हातारी गेली त्या पहाटे हे यंत्र वाजलं नव्हतं, आणि आता माझ्यासमोर टेबलावर ते अगदी शहाण्यासारखं वाजत होतं. बोट चिमट्यातून काढलं की बोंब, परत घातलं की गप्प. सात वेळा करून पाहिलं, सातही वेळा चोख.

साबणाच्या वडीएवढा पांढरा डबा, आत एक बोर्ड, बाहेर एक हिरवा दिवा आणि बोटाला लावायचा चिमटा. रक्तातला ऑक्सिजन उतरला किंवा बोटाला एकदा लावलेला चिमटा निघाला तर शेजारच्या खोलीतला माणूस उठून बसेल असा भोंगा. आकडे दाखवायला डब्यावर काही नाही. ते बघायचे तर यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं, मग पडद्यावर ओळी येतात. मी जोडलं होतं. पहिली ओळ दर वेळी एकच येत होती: आवृत्ती ७.

"आठ हवी होती," माझ्या मागून धाकटी म्हणाली. "मी आठ टाकली होती, बाई. वहीत सही आहे माझी."

"सही आहे, हे कोणी नाकारतच नाही," तिचा भाऊ म्हणाला. सगळे त्याला दादा म्हणत. कारखाना त्याचा, गेलेली आई दोघांची.

मी पंचवीस वर्षं तंत्रशाळेत शिकवलं आणि पुढची नऊ वर्षं एका प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या यंत्रांच्या खोड्या काढल्या. आता निवृत्त आहे, म्हणजे तेच काम फुकट करते. धाकटी माझी विद्यार्थिनी. वर्गात हुशार अशी नव्हती, पण तिने केलेला जोड कधी सुटला नाही. एकोणीस वर्षं भावाच्या कारखान्यात बोर्ड जोडत होती. तीन आठवड्यांपूर्वी, आई गेल्यानंतरच्या रविवारी, घरभर नातेवाईक बसलेले असताना दादाने सांगितलं की हिने नवा प्रोग्राम टाकलाच नाही, नुसती सही ठोकली, म्हणून यंत्र वाजलं नाही. सोमवारपासून तिला कारखान्याचं दार बंद झालं. काका-मावश्यांनी फोन उचलणं सोडलं.

मला बोलावलं तिने. दादाने हरकत घेतली नाही, उलट चहा सांगितला. "बघू द्या बाईंना. तिचं समाधान होईल."

पण तिने मला येताना रिक्षात जे सांगितलं होतं ते दादाला माहीत नव्हतं. "मला निर्दोष ठरवू नका," ती म्हणाली होती. "मी टाकला की नाही, माझं मलाच आता कळेनासं झालंय. तीन आठवडे सगळे सांगतात तू टाकला नाहीस. मी आईला मारलं का, तेवढं बघून सांगा."

२

सात आणि आठ यांत फरक एका ओळीचा.

यंत्राच्या चुका शोधताना प्रोग्राम लिहिणारे त्याला बजावून ठेवतात, की मी संगणक जोडून समोर बसेपर्यंत तू काही करू नकोस. नाहीतर सुरुवातीच्या ओळी वाचायच्या आधीच निघून जातात. काम संपलं की ती ओळ काढायची असते. सातमध्ये ती राहून गेली. टेबलावर संगणक कायम जोडलेला, त्यामुळे तिथे सगळं झकास. घरी पलंगाशेजारी भिंतीच्या प्लगला लावलं की हिरवा दिवा लागे आणि यंत्र कधीही न येणाऱ्या संगणकाची वाट बघत बसे. सुनेने आंघोळ घालताना चिमटा काढला तरी ते गप्प राहिलं, तेव्हा बुधवारी हे उघडकीला आलं. गुरुवारी सकाळी ती ओळ काढून आवृत्ती आठ तयार झाली. दुपारी धाकटीने यंत्र कारखान्यात आणलं, संध्याकाळी पाचला परत नेऊन आईच्या बोटाला लावलं. शुक्रवारी पहाटे म्हातारीचा श्वास मंदावत गेला आणि शेजारच्या खोलीत कोणालाही जाग आली नाही.

"आता गुरुवार सांग," मी धाकटीला म्हटलं. दादाला मी बाहेर बसवलं होतं. "काय वाटलं ते नको. हातांनी काय केलं ते सांग."

तिने डोळे मिटले. "साडेतीनला आले. कोणीच नव्हतं. दादा एका रुग्णालयात दुसरं यंत्र दाखवायला गेलेला, प्रोग्राम लिहिणारा प्रोफेसर दात दुखतो म्हणून घरी. डबा टेबलावर ठेवला. केबलचं टोक लावलं. हिरवा दिवा लागला. आठ उघडली, बटण दाबलं. पट्टी भरत गेली, 'यशस्वी' आलं. चार वाजून नऊ मिनिटं. मी वहीत लिहिलं."

"पडद्यावर पुढे काय आलं?"

"आवृत्ती ८. आणि खाली, 'चिमटा रिकामा'. चिमटा रिकामाच होता."

"आणखी काही? रोजच्यापेक्षा वेगळं? कितीही फालतू असलं तरी चालेल."

ती थांबली. "त्या दिवशी त्याने विचारलं नाही."

"कोणी?"

"संगणकाने. दोन बोर्ड जोडलेले असले की तो विचारतो, कोणत्यात टाकू. रोज विचारतो, कारण प्रोफेसरचा एक बोर्ड कायम लावलेला असतो. त्या दिवशी विचारलं नाही, सरळ टाकलं. मला वाटलं, त्याने आपला बोर्ड काढून नेला असेल."

"बघितलं नाहीस?"

"त्याचा बोर्ड चाचणीच्या गरम पेटीत बंद असतो. आणि वहिनीचे दोन फोन येऊन गेले होते, आई घाबरलीय, लवकर ये म्हणून."

मी टेबलाकडे पाहिलं. इतका नीटनेटका कारखाना मी आयुष्यात पाहिला नव्हता. स्क्रूच्या डबीला लेबल, पंख्याच्या बटणाला लेबल, लेबलांच्या डब्यालाही लेबल, आणि प्रत्येकावर खाली बारीक अक्षरात तारीख. केबल संगणकाच्या पाठीमागून निघून टेबलाच्या भोकातून वर येत होती, हाताशी फक्त टोक. संगणकाकडच्या टोकावर लेबल होतं: 'टेबल १', तारीख दोन वर्षांपूर्वीची. मी त्या केबलने तीन वेगवेगळे बोर्ड जोडले. तिन्ही संगणकाला लगेच दिसले.

संगणक यशस्वी म्हणाला होता आणि यंत्रात तर सात होती. संगणक चुकतात, पण खोटं बोलायला त्यांना कारण नसतं. म्हणजे आठ कुठेतरी गेली होती.

३

प्रोफेसर हे त्याचं नाव नव्हे, शिक्षाच होती. दोन वाक्यांत होणारी गोष्ट तो तासभर समजावतो म्हणून कारखान्यात त्याला ते चिकटलं. तिशीचा, उंच, पाठीत वाकलेला. ती एक ओळ सातमध्ये विसरलेला तोच.

"माझी चूक मी मान्य केली आहे," तो मी बसायच्या आधीच म्हणाला. "बुधवारी कळलं, गुरुवारी सकाळी दुरुस्त केलं. त्यापुढची जबाबदारी माझी नाही."

"जबाबदारी वाटायला मी आलेली नाही. तुमच्या पेटीतल्या बोर्डाचं सांगा."

त्याचा चेहरा पडला. त्याने दाराकडे पाहिलं. "त्याचं काय?"

"गुरुवारी तो काढून नेला होतात?"

"नाही. तो हलवतच नाही मी. दमाची चाचणी चालू होती. किती तास न थकता चालतो ते बघायचं. दर मिनिटाला तो एका छोट्या कार्डावर आपला आकडा लिहून ठेवतो."

"किती चालला?"

त्याने खणातून वही काढली आणि माझ्यासमोर सरकवली. मृत्यूनंतरच्या सोमवारची नोंद होती: 'बोर्ड पुसला गेला. चाचणी वाया. १९८ तास ९ मिनिटांवर थांबला.'

"सुरू कधी केली होती?"

"आई गेल्या त्याच्या आदल्या आठवड्यात. बुधवारी सकाळी दहाला."

मी बोटांवर मोजलं. बुधवार ते बुधवार एकशे अडुसष्ट, गुरुवार सकाळी दहापर्यंत एकशे ब्याण्णव. वर सहा तास नऊ मिनिटं. गुरुवार दुपार, चार वाजून नऊ.

"आणि सोमवारी त्या बोर्डात काय होतं?"

"आठ," तो पुटपुटला. "पडद्यावर 'चिमटा रिकामा' येत होतं. त्याला चिमटाच नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तीन आठवडे ज्या आवृत्तीसाठी एका बाईचं नाव मातीत घातलं, ती त्याच खोलीत, दोन हातांवरच्या पेटीत सापडली होती आणि या विद्वानाने ती पुसून वर परत आपली चाचणी चढवली होती.

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"दादांना सांगितलं, लगेच. ते म्हणाले, बोलू नकोस. हिने मुद्दाम दुसऱ्याच बोर्डात टाकून पडद्यावर यशस्वी आणलं असं लोक म्हणतील, तिला आणखी वाईट दिसेल. मला पटलं ते. म्हणजे दादांचं मन किती..." तो अडखळला. "बाई, मला खरंच वाटलं ते तिच्यावर दया करतायत."

मलाही क्षणभर तसंच वाटलं.

४

आता एवढं कळलं होतं: धाकटीने बटण दाबलं, प्रोग्राम गेला, पण शेजारच्या बोर्डात गेला. संगणकाने विचारलं नाही, कारण त्याला बोर्ड एकच दिसत होता. म्हणजे आईचं यंत्र त्याला दिसतच नव्हतं. तरी यंत्राचा हिरवा दिवा लागला होता. वीज पोचत होती, बोलणं पोचत नव्हतं.

असं एकाच गोष्टीने होतं. यूएसबीच्या केबलमध्ये निदान चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. दाढीची यंत्रं, टेबलावरचे दिवे असल्या वस्तूंबरोबर ज्या केबली येतात त्यांत कंपनीवाले बोलण्याच्या तारा घालतच नाहीत. बाहेरून बघून देवालाही कळणार नाही. वर्गात मी हे दरवर्षी शिकवायचे आणि दरवर्षी कोणीतरी त्यात फसायचंच.

पण टेबलावरची केबल तर मी तपासली होती, चारही तारा ठणठणीत. गुरुवारी तिथे दुसरी होती. कोणीतरी चांगली नेली, मुकी ठेवली आणि नंतर पुन्हा चांगली जागेवर आणून लावली. नेणं विसरभोळेपणाने होतं. परत लावताना मात्र माणसाच्या हातात दोन्ही केबली असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दादाच्या घरी गेले. दादा कारखान्यात होता, वहिनीने दार उघडलं. चाळिशीची बाई, चेहऱ्यावर महिनोन्‌महिन्यांची अपुरी झोप. सासूचं सगळं हिनेच केलं होतं.

"तुम्ही धाकटीच्या बाजूने आलात ना," ती म्हणाली. "बसा."

"तुमची बाजू कोणती?"

"मला कोण विचारतंय. दीड वर्ष उशापायथ्याला होते मी. त्या गेल्या तेव्हा पहिलं काय वाटलं सांगू? आज झोप मिळेल. मग दिवसभर स्वतःला शिव्या दिल्या." तिने पदराने टेबल पुसलं, स्वच्छ असलेलं. "तुम्हाला माझ्यावर संशय असेल तर घ्या. मी यंत्राला हात लावला नाही. मला ते कळत नाही."

माझा संशय होता, खोटं कशाला बोलू. कारखान्याची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. पण असली उघडी कबुली देणारा माणूस सहसा दुसरं काही लपवत नाही. मी विषय बदलला. "दादा गुरुवारी रुग्णालयात गेले ते काम झालं का हो?"

"झालं की. लॅपटॉपवर आकडे, आलेख सगळं दाखवलं म्हणे. डॉक्टर खूश. संध्याकाळी फोटो दाखवले मला. आईंनाही दाखवले."

"लॅपटॉपवर आलेख. मग केबल लागली असेल."

"त्यांच्या बॅगेत असते ना एक. दाढीच्या मशीनची. तीच सगळीकडे नेतात, फोनलाही तीच. काही टाकायचं नाही, काही नवीन घ्यायचं नाही."

मी पर्समधून फोन काढला. "माझा बंद पडत आलाय. ती केबल देता जरा?"

ती आत गेली आणि पांढरी केबल घेऊन आली. मधोमध गुंडाळलेली, टोकाला लेबल. ती हसली, पहिल्यांदाच. "यांना लेबल लावल्याशिवाय चैन नाही. मिठाच्या डब्यावर मीठ लिहिलंय आमच्याकडे. मी काय साखर म्हणून घालणार होते?"

लेबलावर छापलं होतं: 'फक्त चार्जिंग. डेटा नाही.' खाली बारीक अक्षरात तारीख. छापायचं यंत्र ती आपोआप टाकतं, माणसाला त्यात काही करावं लागत नाही, आणि म्हणून माणूस ती वाचतही नाही. मी वाचली. आई गेल्यानंतरच्या शनिवारची होती.

मी वहिनीला विचारलं, "उद्या कारखान्यात याल का? ही केबल घेऊन."

५

टेबलाभोवती आम्ही पाच जण बसलो. प्रोफेसर नखं कुरतडत होता. धाकटी तिच्या जुन्या स्टुलावर बसायला निघाली आणि थबकली. मग खुर्ची घेतली.

मी क्रमाने सांगितलं. चार वाजून नऊ. एकशे अठ्ठ्याण्णव तास. न विचारणारा संगणक. दादा शांतपणे ऐकत होता, मधूनमधून मान हलवत, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर तपासावं तसा.

"म्हणजे केबलचा घोटाळा," तो म्हणाला. "वाईट झालं. पण केबल काय, कोणीही हलवतं."

"कोणीही नाही. त्या दिवशी बोलणारी केबल लागली अशी दोनच कामं होती. एक हिचं, एक तुमचं. तुमच्या बॅगेतली मुकी आहे. तरी रुग्णालयात तुमच्या लॅपटॉपवर आलेख उमटला."

मी वहिनीकडे हात केला. तिने केबल टेबलावर ठेवली. मी ती यंत्राला लावली. हिरवा दिवा लागला. लॅपटॉपच्या पडद्यावर काही उमटलं नाही.

दादाने केबलकडे पाहिलं आणि पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "बरं, मीच नेली. दुपारी निघताना माझी काम देईना, इथली काढली, माझी इथे अडकवली, रिकामी जागा दिसायला नको म्हणून. यात पाप काय? मला स्वप्न पडलं होतं का, की ही त्याच तासात येऊन..."

"पाप नाही," मी म्हटलं. "गुरुवारी नाही. तुमची काम देत नाही एवढंच तेव्हा माहीत होतं, का ते नाही. शनिवारी तुम्ही एकटेच इथे आलात. केबल परत लावताना तुमच्या डोक्यात आलं असेल. तुम्ही ती तपासलीत आणि तुम्हाला कळलं. तुमच्या हातून वस्तू लेबलाशिवाय सुटत नाही, म्हणून तिलाही लावलंत. सोमवारी प्रोफेसरने बोर्डाचं सांगितलं तेव्हा त्याला गप्प केलंत. तुम्हाला पुरावा लपवायचा असता तर केबल फेकून दिली असती. तुम्ही ती जपून ठेवलीत, वर काय आहे ते लिहूनही ठेवलंत. फक्त तारखेकडे बघायचं राहिलं."

मी लेबल त्याच्यासमोर फिरवलं. ते वाचायची त्याला गरज नव्हती. वाचलं वहिनीने.

"शनिवार," ती म्हणाली. "रविवारी सकाळी तुम्ही मला म्हणालात, तिच्याशी बोलू नकोस, तिने आईला मारलंय."

मग दादा बोलला तो बहिणीकडे न बघता, माझ्याकडेच. "मी ठरवून नाही केलं, बाई. सांगणारच होतो. माणसं जमलेली, काकांनी विचारलं, एवढं यंत्र होतं तर मग झालं कसं? सगळे माझ्याकडे बघत होते. यंत्र माझं. कारखाना माझा. पुढच्या आठवड्यात ते रुग्णालय यंत्र घेणार होतं. तोंडातून हिचं नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?"

"जसं टाकलं तसं," धाकटी म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की मी चमकले. "केबल नेलीस त्याचं मला काही नाही, दादा. मीही नेली असती. पण शनिवारी तुला कळलं, रविवारी तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मधे एक अख्खी रात्र होती. तुला झोप लागली?"

आणि मग दादाने ते केलं ज्यासाठी मी त्याला आजवर माफ केलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हे उघडं पडलं, तरी माणूस फास सैल करेल असं नाही. तो वही उघडून तिच्यासमोर सरकवत म्हणाला, "आणि तू? 'आवृत्ती ८ टाकली, तपासली.' हे 'तपासली' कोणी लिहिलं? चिमट्यात स्वतःचं बोट घालून बघितलं असतंस तर दहा सेकंदांत कळलं असतं, की आकडा येत नाहीये. दहा सेकंद. घातलंस?"

धाकटी वहीकडे बघत राहिली. "नाही घातलं."

"मग."

"मग काय, दादा? दोघांनी मिळून मारलं असं म्हणायचं का?"

त्याने वही मिटली.

६

तिने एकच गोष्ट मागितली. रविवारी ज्यांच्यासमोर बोललास त्यांना सांग. आत्ता, आमच्यासमोर.

दादाने फोन काढला. काकांना लावला, आवाज मोठा ठेवला, तिच्या सांगण्यावरून. घसा दोनदा खाकरला. "काका, ते आईच्या यंत्राचं. एका तज्ज्ञ बाईंकडून तपासून घेतलं. तांत्रिक बिघाड होता. केबलचा. हो. म्हणजे तशी कोणाचीच चूक नाही. धाकटीचीही नाही. तेवढं सगळ्यांना सांगा."

पलीकडून म्हाताऱ्याचा भरलेला आवाज आला. "तुझं मन मोठं आहे रे बाळा. कितीही झालं तरी बहिणीला पाठीशी घालतोस. तुझ्या आईने चांगलं वळण लावलं."

आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो. अजून एक वाक्य बोलायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता. प्रोफेसरसुद्धा नखं खायचा थांबला होता.

"हो, काका," दादा म्हणाला. "ठेवतो."

वहिनी उठून आत गेली आणि नळ सुरू केल्याचा आवाज आला. धाकटी उठली. तिचा एक डबा, एक चष्मा आणि सोल्डरिंगची जुनी गन तिथल्या खणात होती. तिने त्यांतलं काहीच घेतलं नाही. दादा मागून म्हणाला, "सोमवारपासून ये कामावर. झालं गेलं विसरून जाऊ." ती जिना उतरू लागली. मी तिच्यामागून, गुडघे सांभाळत.

खालच्या पायरीवर ती थांबली. "बाई, मला खरं सांगा. मी बोट घालून बघितलं असतं तर?"

या प्रश्नासाठी मी रात्रभर उत्तर शोधत होते. म्हणणार होते, पडद्यावर यशस्वी आलं होतं, आवृत्तीही बरोबर होती, वहिनीचे फोन येत होते, कोणीही फसलं असतं. हे सगळं खरं आहे. पण तिने हे विचारलं नव्हतं. चौतीस वर्षं मी लोकांच्या खोट्या रिपोर्टांवर लाल पेन चालवला. एकदा, फक्त एकदा, स्वतः खोटा लिहायची वेळ आली आणि मला तो लिहिता आला नाही.

"तर कळलं असतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. रडली नाही. माझ्या हातातली जड पिशवी तिने स्वतःकडे घेतली आणि आम्ही दोघी बसथांब्यापर्यंत चालत गेलो. तिची बस आधी आली.